सुभेदारांच्या घरी कॅप्टन

आमचे साडू सुभेदार महिपती निवृत्त झाले, असं सरकार म्हणतं. सुभेदारांच्या शरीराला ते अजून कोणी कळवलेलं नाही. हडपसरला सातववाडीत त्यांचा फ्लॅट आहे, बाल्कनीत झाडं आहेत, गुडघ्यात दुखणं आहे, पेन्शन आहे. निवृत्त माणसाकडे जे जे असावं ते सगळं आहे. पण खांद्यावर तारे लावलेला कोणी समोर आला की त्यांचा कणा आपोआप ताठ होतो आणि मुठी पँटच्या शिवणीला जाऊन चिकटतात.

आता पुण्यात खांद्यावर तारे कोण कोण लावतं ते बघा. मॉलच्या दारातला रखवालदार तीन तारे लावून गाड्यांच्या डिक्या उघडायला लावतो. फौजेत तीन तारे म्हणजे कॅप्टन. लग्नातला बँडमास्तर तर लाल कॉलर आणि सोनेरी झालर लावून थेट जनरलच असतो. माझ्या पुतण्याच्या वरातीत सुभेदार जिलबीची बशी हातात घेऊन उभे होते. बँड वळला, बँडमास्तरने वाजवायचं थांबवून यांच्याकडे पाहिलं आणि हे खाडकन सावधान. जिलब्या रस्त्यावर.

"दाजी, बँडवाला आहे तो," मी म्हणालो.

"ठाऊक हाय मला," ते ओठ न हलवता म्हणाले. "पाठीला कोण सांगणार?"

मी रामदास. मार्केट यार्डात माझा कांदा-बटाट्याचा गाळा आहे. आमच्या यार्डात एकच हुद्दा, शेठ. व्यापारी शेठ, हमाल शेठ, टेम्पोवाला शेठ. गाळ्यात गाय शिरली तरी आमचा हमाल तिला "ए शेठ, सरक" म्हणतो. त्यामुळे सुभेदारांचं हे वर-खाली प्रकरण मला कधी झेपलं नाही आणि मी ते कधी मुकाट्याने ऐकूनही घेतलं नाही.

त्यांनी मला समजवायचा प्रयत्न पुष्कळ केला. खाली जवान, वर अधिकारी, मधे सुभेदार. सुभेदाराच्या खांद्यावर दोन तारे आणि एक लाल-पिवळी फीत. तेच दोन तारे, पण फीत नाही, तर तो लेफ्टनंट. तो सुभेदाराच्या वर. मग त्याला काल मिसरूड फुटलेलं का असेना, सुभेदाराने त्याला सॅल्यूट ठोकायचा. "म्हणजे एका फितीचा फरक," मी म्हणालो. त्या वर्षी त्यांनी आमच्याकडचा दिवाळीचा फराळ घेतला नाही.

तर अशा माणसाच्या घरात योगेशने बॉम्ब टाकला. योगेश त्यांचा एकुलता एक मुलगा, मगरपट्ट्यात आयटीत कामाला. रविवार होता, अक्कांनी मटण केलं होतं. अक्का म्हणजे सुभेदारांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण कौशल्या.

"पप्पा, मला एक मुलगी आवडलीये," योगेश म्हणाला. "सिंहगड चढताना ओळख झाली. माझा पाय मुरगळला होता, तिने माझी सॅक घेतली."

"आन् तू?" सुभेदारांनी विचारलं.

"मी तिच्या मागून लंगडत गेलो."

"चांगली दिसती पोरगी. काय करती?"

"आर्मीत आहे."

सुभेदारांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, आता रस्सा सोडून बर्फी मागवतील. "शाब्बास रं! कुठल्या कोअरला?"

"तुमच्याच. सिग्नल्स. कॅप्टन राजनंदिनी."

सुभेदार उठले. भरल्या ताटावरून उठले. हातात नळी तशीच होती. योगेशने फोनवरचा फोटो दाखवला, तर त्यांनी आधी हात धुतले, मग फोन दोन्ही हातांत घेऊन तिच्या खांद्यावरचे तारे मोजले आणि फोन दोन्ही हातांनीच परत दिला.

"चांगल्या ऑफिसर हायत," ते हळूच म्हणाले. लग्नाबद्दल काहीच बोलले नाहीत. नळीही पुन्हा तोंडाला लावली नाही.

ती घरी यायची ठरली तो आठवडा आठवला की अक्का अजून कपाळाला हात लावतात. सुभेदारांनी बाल्कनीतल्या कुंड्यांना गेरू फासला आणि वर चुन्याचा पट्टा ओढला. मग उत्साहाच्या भरात खाली जाऊन सोसायटीच्या पार्किंगमधल्या नारळालाही फासला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "सुभेदार, झाडाचं लग्न आहे का?" ते म्हणाले, "इन्स्पेक्शन हाय."

ती आली. साधा निळा कुर्ता, हातात आंबा बर्फीचा पुडा. उंच, सावळी, हसरी मुलगी. मला पाहताक्षणी आवडली, आणि माल पारखण्यात मी सहसा चुकत नाही.

"जय हिंद, मॅडम!" सुभेदार दारातच गरजले. समोरच्या फ्लॅटचं दार उघडून पुन्हा बंद झालं.

"जय हिंद, साहेब," तिच्या तोंडून निघून गेलं. आणि जीभ चावून ती माझ्याकडे बघायला लागली. मला मागाहून कळलं की फौजेत तरुण अधिकारी जुन्या सुभेदाराला मान देऊन साहेबच म्हणतात. म्हणजे सासरा सुनेला मॅडम म्हणतो आणि सून सासऱ्याला साहेब. आमच्या यार्डातला शेठपणा परवडला.

पुढे तर कमालच. वरिष्ठ उभा असताना सुभेदार बसेनात. वडीलधारं माणूस उभं असताना ती बसेना. हे दोघं उभे म्हणून योगेश उभा, योगेश उभा म्हणून अक्का उभ्या. सोफा रिकामा आणि पाच माणसं खोलीभर उभी. पोहे गार झाले. शेवटी मी एकटा बसलो आणि खाल्ले. कोणीतरी सुरुवात करायला हवी होती.

सुभेदारांनी छाती काढली. "मॅडम, घरात एकूण तीन मेंबर, तिन्ही हजर. एक पाहुणा, तोही हजर." पाहुणा म्हणजे मी, तोंडात पोहे. मग ते तिला स्वयंपाकघरात घेऊन गेले. गॅस दाखवला, सिलिंडरची तारीख दाखवली, अक्कांचा मिसळणाचा डबा उघडून "मॅडम, मसाले" म्हणाले.

"व्हेरी गुड," ती बिचारी सवयीने बोलून गेली.

सुभेदारांना इतकं बरं वाटलं की अक्कांनी तिथेच डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. इतक्या वर्षांच्या संसारात मिसळणाच्या डब्याला शाबासकी पहिल्यांदाच मिळत होती, आणि तीही यांना.

निघायच्या आधी तिने मला आणि अक्कांना बाल्कनीत गाठलं. हसू मावळलं होतं.

"मला योगेश आवडतो. तुम्हीही सगळे आवडलात," ती म्हणाली. "पण काकू, मी दिवसभर मॅडम असते. संध्याकाळी मला कोणाचं तरी कोणीतरी व्हायचंय. आणि माझं जाऊ द्या. हे घर त्यांचं आहे. आज तासभर ते आपल्याच घरात उभे होते, माझ्यामुळे. गुडघे दुखत होते त्यांचे, मला दिसत होतं. मी रोज इथे राहायला लागले तर ते कधी बसणार?"

अक्कांनी तिचा हात धरला. मी कुंडीवरचा गेरू नखाने खरवडत राहिलो.

"मला एकदा अगं म्हणू देत. तू म्हणू देत. नुसतं ये, बस म्हणू देत आणि आपण स्वतः बसू देत. नाही जमलं तर मी हे लग्न नाही करणार. एका माणसाला त्याच्या घरात कायमचं उभं करून मला संसार नाही थाटायचा. सॉरी." बोलताना तिचा आवाज ठाम होता, पण डोळे भरले होते.

मी हे सुभेदारांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मॅडमचा निर्णय बरोबर हाय."

"पप्पा!" योगेश ओरडला. "तो निर्णय नाहीये! ती अट आहे! तुम्ही फक्त तू म्हणा!"

"कुणाला?"

"तिला!"

"मॅडमना?"

योगेश आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मला त्या क्षणी सुभेदारांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण ते पैलवानकी केलेले, मी कांदे विकलेला.

मग सराव सुरू झाला. वाक्य मी ठरवून दिलं: "अगं राजनंदिनी, ये, बस." लहान मूलही म्हणेल. सुभेदार गच्चीवर फेऱ्या मारत म्हणायचे. टाकीला म्हणायचे, कबुतरांना म्हणायचे, तिथे बरोबर यायचं. अक्का सोफ्यावर बसल्या आणि "समजा मी ती" म्हणाल्या, तेव्हाही आलं. मग योगेशने फोनवर तिचा फोटो समोर धरला. "अगं रा..." एवढं म्हणून सुभेदार थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "फोटो युनिफॉर्ममधला हाय. साधा दाखव." साध्या फोटोवर "अगं राजनंदिनी" पर्यंत गाडी गेली. पुढे "ये, बस" ऐवजी "या, बसा मॅडम" निघालं.

"अहो, सोपं आहे!" मी वैतागून ओरडलो. "मी तर आमदारालाही अरे-तुरे केलंय!"

"म्हणून तर तुमच्या यार्डाच्या रस्त्याला खड्डे हायत," अक्का आतून म्हणाल्या.

सुभेदार बाल्कनीच्या कठड्याला टेकले. म्हणाले, "साडूभाऊ, तुम्हाला वाटतं मी हट्ट करतोय. तसं नाय. बावीस वर्षांची पोरं यायची युनिटला, नवी कोरी. त्यांना तार कशी धरायची ते मी शिकवायचो, आन् शिकवून झालं की त्यांनाच सॅल्यूट करायचो. कधी लाज वाटली नाय. सॅल्यूट माणसाला नसतो, राष्ट्रपतीनं त्याला दिलेल्या कमिशनला असतो. हे मी शेकडो जवानांना सांगितलं. आता माझ्या सोयीसाठी, माझी सून हाय म्हणून, मी ते कमिशन दाराबाहेर चपलेसारखं ठेवायला सांगू? मग आजवर केलेले सगळे सॅल्यूट काय होते? नाटक?"

मला राग आला होता तो गेला. माणूस अडून बसलेला नव्हता, अडकला होता. मला त्यांची फार दया आली आणि थोडी भीतीही वाटली, कारण योगेश जेवत नव्हता.

मग मी म्हटलं, चला, मुलीच्या बापालाच विचारू. तो घरात काय म्हणतो ते तरी बघू. मुलीचे वडील हिंमतराव येरवड्याला राहायचे. पुण्यात "येरवड्याला जाऊन येतो" म्हटलं की समोरचा "किती वर्षांसाठी?" विचारतो, तेवढं सहन करून आम्ही गेलो. हिंमतराव मूळचे अमरावतीकडचे. ज्या गावात विहिरीलाही मार्चनंतर पाणी नसतं, तिथून हा माणूस नौदलात गेला आणि चीफ पेटी ऑफिसर होऊन परत आला. दारातच त्यांनी कडक सॅल्यूट केला, गंमत म्हणून. हाताचा पंजा जमिनीकडे.

सुभेदारांच्या कपाळावर आठी पडली. बसल्या बसल्या विषय तोच निघाला.

"पंजा समोर पाहिजे," सुभेदार म्हणाले. "उघडा. हातात हत्यार नाय, मन साफ हाय, हे दिसलं पाहिजे."

"तुमचं ठीक आहे जी," हिंमतराव म्हणाले. "जहाजावर दोरखंडाचं डांबर लागलेलं राहे हाताले. साहेबाले काळा हात काऊन दाखवाचा? म्हणून खाली."

"मग हात धुवायचे!"

"समुद्राच्या पाण्यानं डांबर निघते का, बाप्पा?"

"आणि विमानवाले?" मी मधे तोंड घातलं.

"त्यायचा पंजा तिरपा," हिंमतराव म्हणाले. "ना इकडचे, ना तिकडचे." या एका मुद्द्यावर मात्र दोघांचं तात्काळ एकमत झालं आणि चहा आला.

चहा घेता घेता सुभेदारांनी खाजगी आवाजात विचारलं, "एक विचारू? आपण नौदलात चीफ, म्हणजे आमच्यातले नायब सुभेदार. मॅडम आपल्यापेक्षाही वर. घरी आपण मॅडमना काय म्हणता?"

हिंमतरावांनी जरा विचार केला. "काल म्हणलो, ए पोट्टे, ओला टॉवेल पलंगावर काऊन टाकला?"

सुभेदारांचा कप बशीत वाजला. "आन् मॅडम काय म्हणाल्या?"

"उचलला नं टॉवेल."

आम्ही रिक्षाने हडपसरला परतलो. गाडीतळापाशी उतरताना सुभेदार म्हणाले, "बाप हाय तो. त्याचं कमिशन आधीचं." हे वाक्य मी नंतर बऱ्याच लोकांना सांगितलं, माझं म्हणून.

हिंमतरावांचं घर लहान, म्हणून सुपारी फोडायचा कार्यक्रम सुभेदारांकडेच ठरला. आदल्या दिवशी राजनंदिनीचा मला फोन आला. "काका, सुपारी फुटायच्या आत. नाही जमलं तर मी सगळ्यांसमोर नमस्कार करून निघेन. बाबांना सांगून ठेवलंय." मी हे कोणालाच सांगितलं नाही. रात्रभर मात्र कूस बदलत होतो.

सकाळी घरात माणसं जमली, भटजी आले. फेटेवाला आला आणि त्याने सोफ्यावर बसवून एकेकाला फेटा बांधला. सुभेदार फेटा नको म्हणत होते. का नको ते सांगेनात. अक्का म्हणाल्या, "मुलाच्या सुपारीला बोडक्यानं बसणार? लोक काय म्हणतील?" आणि स्वतः शेजारी उभ्या राहून त्यांना तो बांधायला लावला. भगवा, तुरा काढलेला. सुभेदार देखणे दिसत होते, पण चेहरा फासावर जाणाऱ्याचा.

मला कोपऱ्यात ओढून ते कुजबुजले, "साडूभाऊ, घोटाळा झाला. आमच्यात बोडक्या डोक्यानं सॅल्यूट नसतो. टोपी नसली की नुसतं सावधान. म्हणून मी घरात बोडका बरा होतो, हात जागेवर राहायचा. आता डोकं झाकलंय."

"पण तुम्ही साध्या कपड्यांत आहात! साध्या कपड्यांत सॅल्यूट नसतो हे तुम्हीच सांगता!"

"मला ठाऊक हाय. हाताला नाय."

तेवढ्यात बेल वाजली. अक्कांनी दार उघडलं. हिंमतराव आत आले आणि बाजूला झाले. मागे राजनंदिनी. हिरवी पैठणी, केसांत मोगऱ्याचा भरघोस गजरा, हातात नारळाचं ताट. तिने नजर सरळ सुभेदारांवर ठेवली आणि वाट बघत उभी राहिली. योगेशने डोळे मिटून घेतले होते.

"अगं..." सुभेदार म्हणाले.

मी मनात म्हटलं, टाकीला म्हणता येतं, कबुतराला येतं, म्हणा हो!

"अगं रा..." आणि उजवा हात सुटला. कवायतीत शिकवतात तसा बाजूने, लांबच्या वाटेने वर गेला आणि फेट्याच्या कडेला जाऊन थांबला. पंजा उघडा, समोर. खोलीतल्या सगळ्या पाहुण्यांनी पाहिलं. सासऱ्याने होणाऱ्या सुनेला, तिच्याच सुपारीला, कडकडीत सॅल्यूट ठोकला होता.

राजनंदिनीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, संपलं. आता नमस्कार करून निघेल. पण सॅल्यूट आला की परत द्यायचा, हे तिच्याही अंगात मुरलेलं. ताट डाव्या हातावर गेलं आणि तिचाही उजवा हात वर गेला. गोंधळात कसाबसा गेला. कोपर बरगडीला चिकटलेलं, हिरव्या बांगड्या मनगटावरून खाली घसरलेल्या, आणि पंजा थेट जमिनीकडे.

सुभेदार तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"अगं ए!" ते असे ओरडले की भटजींच्या हातातली सुपारी उडाली. "हे काय करतेस? डोक्यावर टोपी हाय का तुझ्या? आं? गजरा म्हणजे टोपी नव्हं! बोडक्या डोक्यानं सॅल्यूट करतेस? अकादमीत उस्तादानं हेच शिकवलं का तुला?"

"नाही, पण तुम्ही..."

"मधे बोलू नकोस! कोपर बघ, कोपर! खांद्याच्या रेषेत आण! आन् हा पंजा कुणाचा? बापाचा? तू लष्करात हायस का बोटीवर? हात उघड! समोर! अगं बोटं जोड, बोटं जोड, तुझ्या जवानांनी पाहिलं तर काय म्हणतील, आमची कॅप्टन सॅल्यूट करती का माशी हाकलती?"

हिंमतराव मागे पोट धरून हसत होते, जरा अभिमानानेच. राजनंदिनीने हात सरळ केला, बोटं जोडली, कोपर वर आणलं. सुभेदार पुढे गेले, दोन बोटांनी तिचं मनगट जरासं वळवलं, मागे सरले, मान तिरकी करून पाहिलं.

"हां. आता बरोबर. आता हात खाली. आन् पुन्हा बोडक्या डोक्यानं केलास तर याद राख."

मग त्यांना ऐकू आलं. म्हणजे आपणच काय बोललो ते ऐकू आलं. तोंड उघडंच राहिलं. मी बोटांवर मोजत होतो, अगं किती आणि तू किती, आणि मोजताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. का ते मला विचारू नका.

"चुकलं, बाबा," राजनंदिनी म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती, आणि काजळाचं वाटोळं झालं होतं. "अजून काही चुकलं का?"

सुभेदारांनी इकडे तिकडे पाहिलं. बायको, मुलगा, व्याही, भटजी, कोणी मदतीला येईना. "ताट," ते शेवटी म्हणाले. "ताट तिरकं धरलंयस. नारळ पडंल."

तिने ताट सरळ धरलं. भटजींनी सोफ्याखालून सुपारी शोधून काढली आणि फोडली. योगेश मला येऊन बिलगला, लहानपणी बिलगायचा तसा.

जेवायची पंगत हॉलमध्येच बसली. सुभेदार, हिंमतराव आणि मी, तिघं शेजारी. सुभेदार बराच वेळ भाताकडे बघत होते. मग माझ्या कानाशी वाकले.

"साडूभाऊ, मी मॅडमना ओरडलो का हो?"

"ओरडलात."

"सगळ्यांदेखत?"

"खालच्या मजल्यापर्यंत."

"आन् त्यांनी ऐकलं?"

"ऐकलं की. कोपरसुद्धा वर केलं."

सुभेदारांनी एक घास घेतला, सावकाश चावला. "ऑफिसर चांगली हाय," ते म्हणाले. "सांगितल्यावर शिकती. सून कशी निघती ते बघू."

तेवढ्यात ती तुपाची वाटी घेऊन आमच्या रांगेपाशी आली. पैठणीचा पदर खोचलेला, गजरा अर्धा सुटलेला. आधी वडिलांना वाढलं, मग मला, आणि सुभेदारांसमोर येऊन उभी राहिली. मांडीला मांडी लागून बसलो होतो, म्हणून मला कळलं. सुभेदारांचे दोन्ही गुडघे जमिनीवरून वर उचलले. वीतभर उचलले असतील. मग त्यांनी डावा हात एका गुडघ्यावर ठेवला आणि दाबून खाली बसवला. दुसरा आपोआप बसला.

"वाढ," ते म्हणाले. "हात आखडू नकोस."

तिने वाढलं. सुभेदार बसून जेवले.